रिळावर दोरा चढवल्याची हकीकत

मांडवी, रत्नागिरी
ता. १४ नोव्हेंबर १९८६

चिरंजीव दादूस,

थोरला भाऊ आत्माराम याचा, तू ज्या समुद्रात असशील तिथवर पोचेल एवढा आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल. तुझी बोट आणि तुझं पोट, दोन्ही बरी असतील असं धरून चालतो. हे पत्र तुझी वहिनी लिहिते आहे, कारण माझा चष्मा सापडत नाही. (नाकावर आहे. उजव्या हातात पेन धरवत नाही, हे भावोजी तुम्हाला ठाऊक आहेच. हे सांगतात ते मी लिहिते आणि राहिलेलं कंसात घालते. – सावित्री)

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. म्हणे, भाऊ, तुला अर्धांगाचा झटका आला, आता बोट सोडून कायमचा घरी येतो. अरे मेल्या, सतरा वर्षं डेक घासलास, आता कुठे खलाशांचा सारंग व्हायची वेळ आली, आणि माझ्या चार बोटांपायी सगळं सोडून येणार? मला काहीएक झालेलं नाही. खोटं वाटत असेल तर पावसच्या भिकाजीबरोबर तू जी मासे गरवायची काठी आणि रीळ धाडलंस, त्याची हकीकत ऐक.

आधी तो दोरा. आपण जन्मभर नायलॉनचा तंगूस हातावर धरून गरवलं, मासे ओढले ते हातांनी. तू धाडलास तो वेणीसारखा विणलेला, पांढरा, मऊ. आपले बाबा सुती दोरी, कुजू नये म्हणून, ऐनाच्या सालीत उकळल्याशिवाय खाऱ्या पाण्याला लावत नसत. म्हटलं, आपण तरी रीत का मोडा? चांगला दोन तास उकळला. दोरा गेला तसाच पांढराशुभ्र बाहेर आला. (भाताचा टोप मात्र लाल झाला. तीन दिवस भातही लाल. शेजारची सखू विचारून गेली, तांदूळ कुठून आणलेत म्हणून.)

मग तो चढवायचा. हे काम एकट्याचं नव्हे, दादू. सैल बसला की पुढे गुंता होतो, म्हणून एकाने मूठ फिरवायची आणि दुसऱ्याने दोरा ताणून धरायचा. वहिनीला माजघरात बसवलं, दोऱ्याच्या फिरकीत लाटणं घालून दिलं, दोरा ओल्या फडक्यात धरायला सांगितला आणि मी पडवीत बसलो. रिळाची मूठ डावीकडे होती, ती काढून उजवीकडे बसवली. डॉक्टर म्हणाले होते, त्या हाताची बोटं चालवा. दीडशे वार दोरा मी त्याच हाताने चढवला! तिला ताण म्हणजे काय हे कळत नाही, त्यामुळे मला चारदा ओरडावं लागलं. (अकरा वेळा. दूध उतू चाललं म्हणून उठले, तर पडवीतून अशी आरोळी की जणू घरात कुणी बुडालं. पण एकतीस वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम, तेही सांगून ठेवते.)

दुसऱ्या दिवशी सकाळी जेटीवर गेलो. वहिनी हवा खायला म्हणून बरोबर आली. (पायऱ्यांवर धरावं लागतं.) दुसऱ्याच फेकीला तांबोशी लागली, तीन किलोची तरी असेल. काठी वाकली. मी मूठ फिरवतोय, फिरवतोय, आणि दोरा वीतभर आत येईल तर शपथ. त्या बोटांना अजून धड काही कळत नाही, हे तुला म्हणून सांगतो. मला वाटलं, हात नुसताच फिरतोय, जोर पोचतच नाही. आठ महिने रोज रबरी चेंडू दाबत बसलो, ते सगळं फुकट. मासळी खडकात शिरली आणि दोरा तोडून गेली. मी काठी खाली ठेवली. वारा फार होता, डोळ्यांना पाणी आलं. (वारा नव्हता. 'हात गेला गो माझा,' म्हणाले. त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मीही रडले.)

तुझी वहिनी रडता रडता रिळाशी खुडबुड करत होती. एकदम म्हणाली, अहो, मी दोऱ्याचा शेवट धरते, तुम्ही फिरवा बघू. फिरवलं. आणि दादू, चाकावरचा सगळा दोरा गठ्ठ्याने गोल घसरताना दिसला! गुळगुळीत चाक, गुळगुळीत दोरा, धरणार कुठे? ती म्हणाली, 'तुमच्या हातात जोर आहे म्हणून तर दोरा असा घसरतोय.' मी तीनतीनदा फिरवून पाहिलं. एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

घरी येऊन सगळा दोरा उतरवला. इस्पितळातून आणलेली कापडी चिकटपट्टी उरली होती, ती वहिनीने चाकाला गुंडाळली आणि त्यावर पुन्हा चढवला. या खेपेला मी ओरडलो नाही. (दोनदाच.) शनिवारी तांबोशी काढली. तीच असणार, चार किलोची. (अर्धा किलो. पण एकट्याने काढली, त्याच हाताने. मी मध्ये अवाक्षर काढलं नाही.)

तेव्हा गुमान बोटीवर राहा. इकडे तुझ्यावाचून काही अडत नाही.

तुझा भाऊ,
आत्माराम

ता. क. भावोजी, बोट सोडू नका, हे मलाही पटतं. कालवण छान झालं होतं. ताटात माशाचं डोकं तुमच्यासाठी काढून ठेवायला निघाले होते, मग भानावर आले.

दुसरा ता. क. पाकीट बंद करताना म्हणाले, पेन दे आणि तिकडे तोंड करून बस. खालच्या दोन ओळींना पाऊण तास लागला. – सावित्री

बोट सोडू नको.
पण सुट्टी काढून ये रे.