काळी, पांढरी आणि धरणाचं वळण

मी, खाली सही करणारी, निवृत्त दंतवैद्य, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांनी आज सकाळीच तपासलं आहे. पुढचं वाचून कुणाला शंका आली तर त्यांना विचारावं.

१. राहतं घर आणि खालचा दवाखाना माझ्या लेकीला. हत्यारं कंपाउंडरबाईंना, त्यांच्याइतकी स्वच्छ ती कुणीच ठेवली नाहीत.

२. माझी पांढरी गाडीही लेकीलाच. सहा सिलिंडर, तीन लिटरचं इंजिन. सरळ रस्त्यावर ह्यांच्या काळीच्या मागे पडते, पण वजनाला हलकी आहे, वळणावर हातात राहते आणि ब्रेक लगेच धरते. ह्यांना ते कधी पटलं नाही.

३. काळी गाडी ह्यांची. आठ सिलिंडर, पाच लिटर. पेट्रोल बेसुमार पिते, पण धरणाचा चढ वरच्या गियरमध्ये हूं की चूं न करता चढते. "तुझी नुसती नाचरी आहे," हे मला चिडवायचे. एका पावसाळी दुपारी वाद मिटवायला दोघंही धरणाकडे निघालो. धुकं होतं. हे पुढे, मी मागे. वळणावर काळीचे लाल दिवे लागले, म्हणून मीही ब्रेक दाबला. काळी उभी होती. इंजिन चालू, चारही दारं बंद, आत कुणी नाही. धरणात पाणबुडे उतरले, हाती काही लागलं नाही. पुढे कोर्टाने ह्यांना मृत ठरवलं आणि गाडी माझ्या नावावर झाली.

४. धाकट्या दिरांना काहीही ठेवलेलं नाही. "वहिनी, खरं सांगा, दादाचं काय केलंत?" असं त्यांनी चारचौघांत विचारलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. गेल्या महिन्यात ते काळी मागायला आले.

"आधी चालवून तर बघा, भाऊजी," मी म्हटलं आणि शेजारी बसले.

त्याच वळणावर इंजिन आपसूक बंद पडलं. मागचं डावं दार उघडलं आणि लागलं. गाडी त्या बाजूने खाली बसली.

"वहिनी, मागे बघू का?"

"नको. गाडी सुरू करा."

पुढचा चढ काळी पहिल्यांदाच दम खात, खालच्या गियरमध्ये चढली. घरी गॅरेजमध्ये उतरून आम्ही दोघं ते दार उघडण्याची वाट बघत उभे राहिलो. उघडलं नाही.

"वहिनी, मी तुम्हाला उगाच..." दिरांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"असू दे," मी म्हटलं.

मेकॅनिकने मागच्या स्प्रिंगा बदलल्या. गाडी अजून डावीकडे कललेलीच आहे.

५. काळी विकू नये. मी गेल्यावर मला तिच्यातूनच न्यावं. मागच्या सीटवर आडवं ठेवू नये, जागा पुरणार नाही. उजव्या बाजूला बसवावं. डावीकडे फुलंसुद्धा ठेवू नयेत. तिथे हे बसले आहेत.

स्थळ : राहत्या घराची बैठकीची खोली
दिनांक : नऊ फेब्रुवारी
सही : दंतवैद्यबाई

आमच्या देखत सही झाली :
१. धाकटे दीर
२. घरचे डॉक्टर