मोरीत पाय घसरला

९ जून, सोमवार
"मोरीत पाय घसरला." आज तीनदा सांगितलं. शेजारणीला, दुकानात, फोनवर आबांना. हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा. राजकुमारनं पिळला. कारण? फोनवर कोण होतं, एवढंच विचारलं. नवऱ्याला असं विचारायचं नसतं म्हणे!

या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं. मोरी ओली करायला पाणी नाही, आणि मी घसरते! तरी कुणाला नवल वाटत नाही.

सासूबाईंना सगळं ठाऊक. म्हणतात, "त्याचा हात जड हाये, मन वाईट नाय." मन माझ्या अंगावर पडत नाही ना, हातच पडतो.

११ जून
माहेरी येऊ का, हे विचारायला आबांना फोन केला. तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "रूपा, तुझी मोरी लई धोक्याची हाये. रविवारी मिस्त्री घेऊन येतो." मग काही विचारलंच नाही.

१५ जून, रविवार
आबा फुलंब्रीहून आले. सोबत कडूबा मिस्त्री, त्याची बायको चतुराबाई आणि फरशीची खोकी. राजकुमारनं खोकी स्वतः आत नेली. "मामा, कशाला एवढा त्रास!" मग सासरा-जावई चहा पीत बसले.

कडूबानं जुन्या फरशीवर हात फिरवला. "अप्पाराव, ही तर आधीच खरखरीत हाये. हिच्यावर कोण घसरंल?"
आबा म्हणाले, "तू तुझं काम कर."

चतुराबाई माल कालवत होती. माझ्या हाताकडं बघून हळूच म्हणाली, "मी शिडीवरून पडायचे, ताई. मग एक-आठ-एकला फोन लावला." एवढंच. मला राग आला — तिचा! ही कोण मला शिकवणार? लिहायला लाज वाटते, पण आला.

१६ जून
दोन दिवस फरशीवर पाय ठेवायचा नाही, कडूबानं बजावलंय. म्हणजे दोन दिवस घसरायचीही सोय नाही!

२ जुलै, बुधवार
ओठ फाटला. शेजारीण दारात. सवयीनं तोंडातून निघालं — मोरीत... ती म्हणाली, "अगं, पण फरशी तर नवी टाकली ना?"

दुसरं काही सुचेचना! सात वर्षांत एकच थाप पाठ केलेली, आबांनी तीच उखडून नेली. दार लावून पोटभर रडले. मग १८१ लावला, बायकांच्या मदतीचा नंबर. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, "आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का?" हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, नाही.

४ जुलै
कालपासून महिलांच्या आश्रयगृहात. ही वही पिठाच्या डब्यातून निघाली, आता उशीखाली.

आज संरक्षण अधिकारी बाई भेटल्या. सगळं लिहून घेतलं. वकील फुकट मिळेल म्हणाल्या. मग विचारलं, "आधीच्या मारहाणीला कुणी साक्षीदार?" शेजारणीला फोन केला. "आमचं नाव नको बाई."

मग आबांना. जन्मात पहिल्यांदा नीट शब्दांत सांगितलं — आबा, तो मला मारतो. ते म्हणाले, "फरशी नीट बसली का गं?"

खरंच असं म्हणाले! मी फोन कापला. बाप मेला असं समजायचं ठरवलं.

९ जुलै
निरोप मिळताच चतुराबाई येऊन बाईंना माझ्या हाताचं सांगून गेली. "खाडा पडला तर पडू दे." जिचा राग आला होता, तीच! पण तिनं एकदाच पाहिलंय. आधीच्या वर्षांचं काय?

१७ जुलै
आबा येऊन गेले. मला भेटले नाहीत. बाईंकडं जबाब दिला, सही केली, बस धरली. बाईंनी कागद वाचायला दिला. खाली शेवटी लिहिलंय —

"मुलगी पहिल्यांदा पडली तेव्हा बघायला गेलो होतो. मोरीत पाणी ओतून स्वतः अनवाणी उभा राहिलो. पाय घसरला नाही. ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची आहे."