पाळकबाईंच्या दाराचे कुलूप

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कुलपे दुरुस्त करणे व किल्ल्या घासणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. शेजारच्या डॉक्टरांनी मला तपासले असून डोके ठिकाणावर असल्याचे लिहून दिले आहे. सहा वर्षांपूर्वी ते ठिकाणावर नव्हते, ते खाली येईलच.

१. माझे घर मी स्वकष्टाने बांधले आहे. त्याच्या पुढच्या दोन खोल्या व बँकेतील ठेव माझ्या मुलीला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. पोरी, स्वयंपाकघराचा नळ बदलून घे, मी नुसती चिंधी बांधून ठेवली आहे.

२. दुकान, किल्ल्या घासायचे यंत्र, कानशी व किल्ली घट्ट पकडायचा शेगडा धाकट्या भावाला द्यावा. दुकानाच्या पाटीवर कोणाचे नाव आधी, यावरून आम्ही अकरा वर्षे एकमेकांशी बोललो नाही. आता पाटीवर त्याला हवे ते लिहावे.

३. आमच्या चर्चच्या मंडळीतील गायकप्रमुख, ज्यांना मी मागे ‘भोंगा’ म्हणत असे, त्यांना माझी वाजवायची पेटी द्यावी. त्यांचा आवाज मोठा आहे, पण माणूस खरा आहे.

४. आता जे लिहायचे म्हणून वकिलाकडे न जाता मी स्वतः लिहायला बसलो, ते लिहितो.

आमच्या जुन्या पाळकसाहेबांनी एका रविवारी मला उपासनेत पवित्र शास्त्र वाचायला उभे राहू दिले नाही. “भाऊ, आधी धाकट्याशी बोला, मग वाचा,” असे ते सर्वांसमोर म्हणाले. ते बरोबर होते. मी मात्र तो अपमान नऊ वर्षे उराशी धरून बसलो. पाळकसाहेब अचानक वारले, तेव्हा मी मंडळीचा चिटणीस होतो. मंडळीच्या पंचांनी त्यांच्या पत्नीला, पाळकबाईंना, मंडळीच्या मालकीचे पाळकांचे घर सोडायला दोन महिन्यांची मुदत दिली. तिसऱ्याच आठवड्यात कळले की नवे पाळक गुरुवारी येणार. त्या गुरुवारी सकाळी बाई कबरस्तानात गेल्या असताना मी जाऊन त्यांच्या दाराचे कुलूप बदलले. मला कोणी सांगितले नव्हते.

बाई तासाभराने माझ्याच दुकानात आल्या.

“भाऊ, किल्ली लागत नाही हो. झिजली का बघता?”

मी वर न बघता सांगितले, “घर आता मंडळीच्या ताब्यात आहे. पंचांचा नवा ठराव झालाय.”

“माझ्या गोळ्या आत आहेत.”

“उद्या बघू.”

त्या भांडल्या नाहीत. किल्ली पिशवीत ठेवली आणि गेल्या. ठराव झालाच नव्हता. पंच पाच, आणि पाचही जणांना याची वार्ता नव्हती.

दुपारी नवे पाळक बायको-लेकरासह टेंपोतून उतरले. बाई पायरीवर बसल्या होत्या. मी मोठ्या तोऱ्यात नवी किल्ली नव्या पाळकांच्या हातात दिली. त्यांनी दार उघडले, मागे सरले आणि किल्ली बाईंपुढे धरली. “आई, आत चला. घर तुमचंच आहे, आम्ही पाहुणे.” मग स्वतःचे सामान त्यांनी रविवारच्या शाळेच्या खोलीत लावले आणि मध्ये दोन कपाटे उभी करून सात महिने तिथे संसार केला. बाळाचे लंगोट फळ्याच्या खिळ्यांना वाळत असत. बाईंना भाड्याच्या खोल्या मिळेपर्यंत त्यांनी घराचा विषय काढला नाही. मंडळीने विचारले तर म्हणत, “कुलूप बिघडलं होतं, भाऊंनी नवं बसवलं.”

बाईंकडून ठरावाचे ऐकल्यावर मला मात्र एकट्याला गाठून त्यांनी विचारले, “ठराव वहीच्या कोणत्या पानावर आहे?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग बाईंना तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.” त्यानंतर दर रविवारी त्यांनी माझा हात हातात घेऊन विचारपूस केली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

बाईंनी पाचही पंचांशी बोलणे टाकले. लोक म्हणाले, बाईंना गर्व झाला. मी ते ऐकले, मान हलवली आणि सहा वर्षे गप्प राहिलो. हे कलम माझ्यामागे उपासनेनंतर मोठ्याने वाचावे.

५. घराच्या मागच्या दोन खोल्या व न्हाणीघर मंडळीला द्यावे. कोणी पाळक वारल्यास त्यांच्या कुटुंबाने तिथे हवे तितके राहावे. मुदत घालू नये.

६. मला सध्याच्या पाळकांनी पुरावे. ‘सज्जन’ हा शब्द वापरू नये, ते भिडस्त आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

येथपर्यंत वाचून साक्षीदार शिंपीकाकांनी चष्मा काढला. म्हणाले, “मेल्यावर वाचा म्हणता? म्हणजे बाईंचं तोंड बघायला नको. सोयीचंच आहे की, भाऊ.” सही करायला ते तयार होईनात. सबब कलम चारचे शेवटचे वाक्य मी रद्द करतो, आणि पुढील मजकूर बाईंकडे जाऊन आल्यावर जोडतो.

आज सकाळी अकराच्या सुमारास मी बाईंकडे गेलो. त्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले. ठराव नव्हता हेही सांगितले. त्यांचे हात थांबले.

“म्हणजे त्या पाचांनी काही केलं नव्हतं?”

“नाही.”

“त्यातले दोघं गेले, भाऊ. मी मातीलाही गेले नाही त्यांच्या.”

मी म्हणालो, “क्षमा करा.”

त्या म्हणाल्या, “करायला हवी, ठाऊक आहे मला. पण आज तोंडातून निघत नाही. परवा या.” मी जिना उतरताना वरून म्हणाल्या, “नक्की या हं. मला एकटीला नाही जमायचं.”

परवा जायचे आहे.

वरील सर्व मजकूर, जोडलेल्या भागासह, साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

लिहून ठेवणार: कुलूपवाले भाऊ (सही)
साक्षीदार १: शेजारच्या दुकानाचे शिंपीकाका (सही, या वेळी कुरकूर न करता)
साक्षीदार २: डॉक्टर (सही)
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
तारीख: चौदा, मंगळवार, दुपारी तीन