नातीच्या वहीत सापडलेल्या माझ्या चुका

अल्फारेटा,
२८ जुलै, सोमवार

प्रिय पुरुषोत्तम यास त्र्यंबकचा सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे हे आधीच विचारून घेतो, कारण पुढे एकदा मी सुरू झालो की तुझ्या गुडघ्याला या पत्रात जागा उरणार नाही. पार्सिपनीला उकाडा आहे असं ऐकलं. मृणालिनीवहिनींना नमस्कार सांग आणि त्यांनी पाठवलेलं मेतकूट संपलं हेही सहज कानावर घाल. इकडे शरयू मजेत आहे (गेल्या महिन्याभरात जरा जास्तच मजेत, त्याचं कारण पुढे येईल), सौमित्र आणि प्रीता कामात बुडालेले, आणि माझं बीपी वर. फोन का केला नाहीस म्हणशील. कानात यंत्र बसवल्यापासून मी फोनवर ओरडतो अशी घरातल्यांची तक्रार आहे, आणि जिच्याबद्दल ओरडायचं आहे ती शेजारच्याच खोलीत असते. पत्र मराठीत असल्यामुळे काळजी नाही. ती सगळ्यांना इंग्रजीतच उत्तरं देते, तेव्हा जेवणाच्या टेबलावर उघडउघड बसून लिहितो आहे.

ती म्हणजे ज्ञानदा, सौमित्रची मुलगी, माझी एकुलती एक नात, वय वर्षं सोळा. या उन्हाळ्यात तिने काय करावं यावर आमच्याकडे मार्चपासून बैठका झाल्या. मी माझ्या जुन्या हॉस्पिटलात शब्द टाकून ठेवला होता. रेडिऑलॉजीत सहा आठवडे, एसी खोली, नुसते एक्स-रे बघायचे, पेशंटला हात लावायचं कारण नाही. (हसू नकोस. त्या खोलीत मी एकतीस वर्षं सुखाने काढली.) तर या बयेने परस्पर एका सिनेमा कंपनीत इंटर्नशिपचा अर्ज केला आणि त्यांनी तिला घेतलंसुद्धा. इथे हल्ली दर दोन मैलांवर कोणीतरी रस्ता अडवून शूटिंग करत असतं, त्यातलीच ही एक कंपनी. मी म्हटलं, ठीक आहे, डायरेक्शन शिकेल, कॅमेरा शिकेल, चार माणसांत सांगता येईल. चार माणसांत मी लगेच सांगूनही टाकलं. आणि मग कळलं की हिला काम दिलंय ते ‘कंटिन्युइटी’चं.

म्हणजे काय ते नीट ऐक, कारण मला समजायला आठवडा लागला. सिनेमावाले एकच प्रसंग दहा तुकड्यांत घेतात, तोही मागचा तुकडा पुढे आणि पुढचा मागे, कधी मध्ये चार दिवस घालवून. मग पहिल्या तुकड्यात हिरोची बाही कोपरापर्यंत दुमडलेली असेल तर चार दिवसांनीही ती बरोब्बर कोपरापर्यंतच हवी. मेणबत्ती तेवढीच जळलेली हवी, भांग त्याच बाजूला हवा. हे बघायला डोरीन नावाची एक बाई असते, साठीची, गळ्यात दोन चष्मे, आणि तिच्या हाताखाली आमची ज्ञानदा, वही आणि फोन घेऊन. फोटो काढायचे, नोंद करायची, आणि काही जुळलं नाही की सगळ्यांसमोर सांगायचं. अरे, डॉक्टरची नात सहा आठवडे परक्या पुरुषाच्या बाह्या मोजत बसणार? यासाठी का आपण समुद्र ओलांडून आलो?

बरं, तिच्याकडे फक्त शिकाऊ परवाना. तेव्हा गाडी ती चालवणार आणि शेजारी परवानाधारक मनुष्य म्हणून मी जीव मुठीत धरून बसणार. रोज पाऊण तास जायला, पाऊण तास यायला, आणि मधले आठ तास मी सेटच्या कुंपणाबाहेर घडीच्या खुर्चीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुरक्षारक्षकाला माझी दया आली आणि त्याने मला आत सोडलं. एका भाड्याच्या घराच्या व्हरांड्यात प्रसंग चालला होता, आई आणि मुलगी भांडतात असा काहीतरी. जेवणाची सुट्टी झाली, सगळे तंबूकडे गेले. ऊन मी म्हणत होतं. व्हरांड्यात झुलती खुर्ची रिकामी, शेजारी लिंबू सरबताचा थंडगार ग्लास. मी बसलो आणि एक घोट घेतला. एकच. शिवाय भिंतीवर एक तसबीर वाकडी लटकत होती, ती सरळ केली, जे कोणीही संस्कारी मनुष्य करील.

जेवून परत आल्यावर डोरीनबाईंनी ग्लासाकडे पाहिलं, दोन्ही चष्मे आलटूनपालटून लावले आणि कामकाज थांबवलं. साठ माणसं उभी. तसबीर वाकडी असणं म्हणे कथेला आवश्यक होतं, ती तशी करायला एक खास माणूस ठेवला होता. हे कोणी केलं, अशी विचारणा झाली. मी झाडामागे उभा होतो आणि तिथेच राहण्याचा माझा विचार होता. तर ज्ञानदाने फोनमधले फोटो चाळले, वही उघडली आणि शांतपणे सांगितलं की ते माझे आजोबा असणार, कारण ग्लासच्या काठाला मिशीचा पांढरा केस आहे. घरचा भेदी म्हणतात तो हा! जिला मी पहिलं पाऊल टाकायला शिकवलं तिने साठ परक्यांसमोर माझी मिशी पुरावा म्हणून सादर केली. आणि डोरीनबाई रागावतील तर नाही, त्यांनी हिची पाठ थोपटली. अर्ध्या ग्लासापायी दोन तास वाया गेले म्हणून मला दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कुंपणाबाहेर.

इतक्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण पोरीला आता या विद्येची चटक लागली आणि सरावासाठी घरात मी आयताच सापडलो. तिने माझे चारी बाजूंनी फोटो काढले आणि वहीत माझं पान उघडलं. एकदा ती अंघोळीला गेली असताना मी ते वाचलं. सकाळी ‘चहा घेतलाच नाही’ म्हणालो तेव्हा कप दोन. गोळ्या घेतल्या म्हणालो, डबीत मंगळवारची तशीच. डावा कान, वरचं टोक नाही, कारण: खारीने चावलं (ती सहा वर्षांची असताना सांगितलेलं), स्कीइंग करताना बर्फाने (ती अकरा वर्षांची असताना सांगितलेलं). पुढे कंसात: आजोबांनी स्कीइंग कधीच केलेलं नाही, आजीला विचारलं. आता सांग, लहान पोराला कानाची गोष्ट सांगताना माणूस काय दाखले जोडतो?

खरी आग पुढेच लागली आहे. नऊ ऑगस्टला आमच्या मंडळाचा सुवर्णमहोत्सव आहे आणि त्यात माझा सत्कार व्हायचा आहे. मानपत्रात मुख्य गोष्टी दोन. एक, मंडळाची मराठी शाळा मी सुरू केली (हे खरं आहे, कागदपत्रं आहेत). दुसरी, शिकागोचा तो बसचा किस्सा. किस्सा तुला माहीतच आहे. जानेवारी शहात्तर, आपण दोघे नवशिके रेसिडेंट, हिमवादळात डेव्हन ॲव्हेन्यूवर बस रुतली, बसमध्ये एक बाई अडली, आणि तरुण डॉक्टरने तिथेच तिची सुटका करून, आईने दिलेली, डाव्या कोपऱ्यात रफू केलेली हिरवी शाल त्या बाळाभोवती गुंडाळली. हा किस्सा मी गणपतीत सांगितला आहे, बारशांना सांगितला आहे, सौमित्रच्या लग्नात विहिणीला रडवलं आहे. आता ज्ञानदाला इंटर्नशिपच्या शेवटी स्वतःची तीन मिनिटांची फिल्म करायची आहे, ती तिने याच किस्स्यावर करायचं ठरवलं, आणि मंडळाने ती सत्काराच्या आधी दाखवायचं ठरवलं. मला केवढा आनंद झाला होता! मी दोन दिवस नवीन कोट घालून कॅमेऱ्यासमोर बसलो.

पण फिल्म कुठली व्हायला. तिने प्रीताकडून घरातले जुने व्हिडिओ मिळवले, त्यात मी हा किस्सा सात वेळा सांगितलेला सापडला, आणि सातही तिने वहीत ओळीने मांडले. बर्फ घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. बाळ चार वेळा मुलगा, तीन वेळा मुलगी. ड्रायव्हरला कधी दाढी, कधी नाही. एवढंही मी वयावर ढकललं असतं. मग तिने आमचा लग्नानंतरचा महाबळेश्वरचा फोटो समोर ठेवला, सन अठ्ठ्याहत्तर. मी पॉइंटवर उभा आहे, खांद्यावर हिरवी शाल, आणि फोटो मोठा केला की डाव्या कोपऱ्यातलं रफू दिसतं.

“आजोबा,” ती म्हणाली, “दॅट डझन्ट मॅच.”

मी म्हटलं, शाली दोन होत्या. ती म्हणाली, रफूही दोन? मी शरयूकडे पाहिलं. सत्तेचाळीस वर्षं जिने या किस्स्याला योग्य जागी मान डोलावली ती बायको माझी! तर ती शेंगा सोलत म्हणाली, “मी वाटच बघत होते, हे कोणीतरी कधीतरी विचारेल म्हणून.” असा हा माझ्याच घरात माझ्याच मिठावर पोसलेला कट आहे. नियमाप्रमाणे जुळल्याशिवाय डोरीनबाई पुढचा तुकडा घेऊ देत नाहीत, तेव्हा ज्ञानदाही फिल्म पुढे नेणार नाही असं तिने जाहीर केलं आहे. मंडळाचे अध्यक्ष रोज विचारतात. शाल-श्रीफळ आणून झालंय. शालही, दैव बघ, हिरवी आहे.

असो. मन मोकळं झालं. उगाच कोणावर रागावणारा माणूस मी नाही. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. ज्ञानदा रविवारी अकरा वाजता तुला व्हिडिओ कॉल करणार आहे, दुसरा साक्षीदार म्हणून. तिला एवढंच सांग की बाळंतपण मी केलं. पुरुषोत्तम, ते तू केलंस, शालही तुझीच गेली, हे मी विसरलेलो नाही. सुरुवातीला मी ‘आम्ही’ असंच सांगायचो. मग तू न्यू जर्सीला गेलास, इथे ‘आम्ही’ म्हणायला मी एकटाच उरलो, आणि एका पार्टीत तोंडून ‘मी’ निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू तर हा किस्सा कधी कोणाला सांगितलाच नाहीस, तुला त्याचं काय करायचंय? आणि माझ्याकडे सांगण्यासारखं होतं तरी काय? बसचं दार गोठून उघडंच राहिलं होतं, तिथे कोट पसरून, बाहेर पाठ करून, तू ‘झालं’ म्हणेपर्यंत तासभर उभा राहिलो. तू काम करत होतास आणि मी दारात उभा होतो. याच्यावर कोणी मानपत्र देत नाही. मराठी शाळेच्या सत्तर मुलांपुढे माझी नात मला खोटा ठरवणार नाही, एवढं बघ. बाकी माझं काही मागणं नाही.

ता. क. दुसरा. शाली दोन होत्या असंही सांगितलंस तर बरं.

ता. क. तिसरा. घोटाळा झाला आहे. वरचं लिहून मी चहा टाकायला उठलो (आजचा पहिलाच), परत येतो तर ज्ञानदा माझ्या खुर्चीत बसून हे पत्र वाचते आहे. मंडळाच्या मराठी शाळेत ती सात वर्षं गेली, दर रविवारी मीच सोडायला जात होतो, वाचनाचं बक्षीस मीच तिच्या हातात दिलं होतं. बोलत नाही म्हणून वाचता येत नाही, असं मी का धरून चाललो देव जाणे. मी उभा राहिलो, काय म्हणेल या भीतीने. तिने सगळं शेवटपर्यंत वाचलं. आधी म्हणाली, लिंबू सरबत वर एक घोट आहे आणि खाली अर्धा ग्लास. मग माझ्या डाव्या कानाच्या गेलेल्या टोकाला हात लावून, चक्क मराठीत म्हणाली, “आजोबा, हे तुम्ही सातही वेळा का नाही सांगितलं?”

तर पुरुषोत्तम, वरची विनंती रद्द समज. फिल्म आता दाराची होणार आहे. ती रविवारी तुला फक्त एवढंच विचारणार आहे की दारात कोण उभं होतं आणि किती वेळ. जे झालं ते सांग. तासभर मी म्हणतोय, कमी असेल तर कमी सांग. मानपत्राचं मी अध्यक्षांशी बोलतो, त्यांना वाईट वाटेल, पण शाळा खरी आहे. आणि ते बाळ मुलगा होतं की मुलगी, हे मलाही एकदा कळव, कारण मी तिकडेच तोंड करून उभा असूनही मला दिसलं नाही, डोळ्यांत पाणी होतं. ते वाऱ्याने आलं होतं, असं तिला सांग.

(वारा पाठीमागून होता, हे तिने आत्ताच माझ्या खांद्यावरून वाचून दाखवून दिलं आहे.)