दिवसा लावलेली कडी

आप्पा, आपल्या दाराला आतून पुन्हा कडी बसवली आहे. तुम्ही बसवलेली तीच. तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती काढून कपाटाच्या खणात टाकली होती. स्क्रू गंजले होते, ते तेवढे नवे आणले. बाकी घर होतं तसंच आहे असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. वर आता दोन मजले चढलेत, सहा खोल्या भाड्याने दिल्यात, मुलं लातूर-जळगावकडची. जिन्यात भेटली तर मान हलवतात, कानातले इअरफोन काढत नाहीत. आई तर तुमच्या आधीच गेली. भाऊ महाळुंग्याला फ्लॅटमध्ये राहायला गेला, सणाला येतो. खालच्या दोन खोल्यांत मी एकटी. अख्ख्या माण गावात काही काम नसताना घरात येणारं माणूस म्हणजे शेजारची आपली काकू, तुमची धाकटी भावजय, तेवढीच उरली आहे.

तुम्हाला सांगायचं होतं ते हे की मला पदवी मिळाली. बेचाळिसाव्या वर्षी, घरी बसून, ऑनलाइन. विषय माहितीची सुरक्षा. तुम्ही म्हणाला असतात, "म्हंजी राखनदारीच की गं." व्हय आप्पा, राखणदारीच, फक्त राखायचं ते डोळ्यांना दिसत नाही. मी अजून त्याच आयटी पार्कात आहे, पासवर्ड विसरलेल्या लोकांचे फोन घेते. सातला घरी यायचं, कुकर लावायचा, लॅपटॉप ओट्यावर ठेवून तास ऐकायचा, अशी तीन वर्षं काढली. वर्गात चाळीस जण होते म्हणे. मला दिसली ती चाळीस नावं, काळ्या चौकोनांत. कोणी विचारायचं, माझा आवाज येतोय का? आम्ही म्हणायचो, येतोय. एवढीच आमची ओळख. त्या अभ्यासाबरोबर बाहेरच्या तीन व्यावसायिक परीक्षा द्यायच्या होत्या. दोन झाल्या. तिसरीवर पदवी अडली होती, आणि तिला दोनच संधी होत्या. दोन्ही गेल्या की वर्ष गेलं, आणि आणखी एक वर्ष त्या चौकोनांसमोर बसायची माझी तयारी नव्हती.

ती सुरक्षेचीच परीक्षा. अभ्यासात एक धडा दाराचा होता. कुलूप, कॅमेरा, पास सगळं असलं तरी चोर आत कसा येतो, तर दुसऱ्याच्या भलेपणाच्या आडून. तो धडा मी तीनदा उघडला आणि तीनदा मिटला.

तेव्हाचं सगळं दिसायला लागायचं: तुम्ही कंपनीच्या मागच्या गेटवर उभे आहात. आपली जमीन गेली तिथंच कंपनीची इमारत झाली आणि तिथंच तुम्हाला राखणदारीची नोकरी मिळाली. निळा गणवेश खांद्यात ढगळ आहे. येणाऱ्याचं नाव वहीत लिहायच्या आधी तुम्ही त्याला पाणी विचारता. पार्किंगच्या तिसऱ्या खांबाशी थांबून मला सांगता, "हितं आपली हीर व्हती." मी मान डोलावते आणि आजूबाजूला बघते, माझ्या ऑफिसातलं कोणी ऐकत नाही ना. मी नुकतीच शेजारच्या इमारतीत डेटा एंट्रीला लागले आहे, इस्त्रीचे कपडे घालते, डब्यात पोळी नेते, भाकरी नेत नाही.

मग एक दिवस एक माणूस आला. दोन्ही हातांत खोकी, गळ्यात पास नाही. म्हणाला, काका, जरा दार. तुम्ही दार उघडलंत, वर जिन्यापर्यंत सोबतही केलीत. तो बाहेर पडला तेव्हा त्याच खोक्यांत कंपनीचे दोन लॅपटॉप होते. दुसऱ्या दिवशी दुपारी नोकरी गमावून तुम्ही गणवेशातच घरी आलात, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून तुम्हाला फैलावर घेतलं. "कुनीबी यावं आन् तुमी दार उघडावं, ती काय आपली वसरी हाय का?"

तुम्ही पाटावर बसलात. म्हणालात, "दोन्ही हातात वझं व्हतं गं त्याच्या. मानसाला वझं खाली ठिव आन् कागुद दाव, असं कसं म्हनायचं?" मग म्हणालात, "आन् जागा तर आपलीच व्हती."

"व्हती. आता न्हाई," मी म्हणाले. "तुमच्या येडेपनामुळं मला हापिसात मान वर काढता येईना."

तुम्ही उलट काहीच बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं, भांडण झालं असतं, मिटलं असतं. दुसऱ्या दिवशी बाजारातून कडी आणलीत आणि दाराला आतून ठोकलीत. आपल्याकडे दिवसा दाराला कडी नसते. दार नुसतं लोटलेलं असतं, येणारा "हायेत का घरात?" म्हणत आत आलेलाच असतो. तुम्ही भर दुपारी कडी लावून आत बसायला लागलात. कोणी दार वाजवलं की विचारायचात, "कोन हाय?" सख्ख्या भावजयीलाही. काकू हसायची, "भावजी, म्या हाय, दरोडेखोर न्हाई." गावानं काही दिवस चेष्टा केली, मग येणंच कमी केलं. मी बघत होते. कडी कशासाठी होती ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. 'आप्पा, ती काढा' एवढं म्हणायला मला दहा वर्षं मिळाली होती, मी म्हटलं नाही.

आता परीक्षेचं ऐका. पहिली संधी, रविवारची सकाळ. घरी बसूनच द्यायची, पण कॅमेऱ्यातून कुणीतरी लांबून आपल्यावर लक्ष ठेवून असतं. टेबल मोकळं हवं, कान दाखवायचे, खोली चहूबाजूंनी दाखवायची. खोलीत कोणी येता कामा नये, आपण खुर्चीवरून उठता कामा नये. मी दार लोटलं आणि बसले. अर्धे प्रश्न झाले असतील तेवढ्यात दार उघडून काकू आत. आदल्या दिवशी मी तिला पातेलंभर उसळ दिली होती, ते पातेलं परत करायला आली होती. "आगं, रिकामं भांडं कसं दिऊ म्हून धपाटी केली. गरम हायेत तवर खा." पातेलं तापलेलं, तिनं पदरानं दोन्ही हातांनी धरलेलं.

हातानं नुसती खूण केली असती तरी ती माघारी फिरली असती. मी उठले. उठून तिच्या हातातलं पातेलं घेतलं. परत वळले तर परीक्षा रद्द झाली होती. तीन वर्षं लोकांना दार कसं राखायचं ते शिकलेली बाई, आणि दिव्याखाली अंधार. काकूला वाटलं मला बरं नाही. तिनं मला समोर बसवून दोन धपाटी खायला लावली. ती खाताना मला पहिल्यांदा कळलं की त्या दिवशी गेटवर तुम्ही विचार करून दार उघडलंच नव्हतं. हात आपला आपण गेला होता, माझा गेला तसा.

दुसऱ्या संधीच्या आधी कडी बसवली. काकूला जाऊन सांगितलं, रविवारी सकाळी येऊ नको, परीक्षा आहे, मागची बुडाली.  ती म्हणाली, "माज्यामुळं व्हय? बरं बाई. तू सांगशील तवाच यीन." त्या रविवारी कॅमेऱ्यापलीकडच्या आवाजानं इंग्रजीत विचारलं, घरात आणखी कोणी आहे का? मी म्हणाले, नाही. त्यानं नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं, नक्की कोणी नाही? मी म्हणाले, नक्की. एवढं खरं उत्तर त्या दिवशी मी दुसरं दिलं नसेल.

आणि मध्येच तो प्रश्न आला. एका माणसाच्या दोन्ही हातांत सामान आहे, त्याच्याकडे पास दिसत नाही, तो राखणदाराला दार उघडायला सांगतो. राखणदारानं काय करावं? चार पर्याय होते. तुमचा पर्याय दुसरा होता. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. मग चौथ्यावर खूण केली. दार उघडू नये. ते बरोबर होतं आप्पा, आणि मी पास झाले.

पदवीदानही पडद्यावरच झालं. मी आईची हिरवी साडी नेसून खुर्चीत बसले, नाव वाचलं गेलं, पुढचं नाव आलं. पेढे घेऊन वर गेले. मुलांनी एका कानातला इअरफोन काढून अभिनंदन केलं. काकूकडे गेले तर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "भावजी असते तर गावभर सांगत फिरले असते." मला तिथं उभं राहवलं नाही.

हे सगळं तुमच्याच एका जुन्या वहीत लिहिते आहे, गेटवरून घरी आलेल्या कोऱ्या रजिस्टरात. 'कोणाला भेटायचे' असा रकाना आहे, त्यावरूनच ओळी जातायत. तीन पानं झाली आणि मी अजून ताकाला जाऊन भांडं लपवतेच आहे. तर लिहून टाकते. येडेपण तुमचं नव्हतं. चुकलं माझं. हे मी ना तेव्हा म्हटलं, ना तुम्ही आजारी होतात तेव्हा.

परीक्षा संपून चार महिने झाले, कडी मी काढलेली नाही. काकू आता बाहेर उभी राहते, दार वाजवते. तिचा आवाज, तिची चप्पल, सगळं मला ओळखू येतं. तरी मी आतून विचारते, "कोण आहे?" ती म्हणते, "म्या हाय गं." तेवढं ऐकायला मिळावं म्हणूनच विचारते. तुम्हीही त्यासाठीच विचारत होतात का, आप्पा?