फिरत राहणारा उजेड

सर, तुम्हाला पाहायचा होता तो प्रकाश या आठवड्यात जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत दिसला. केसाएवढ्या काचेच्या तंतूचं वेटोळं, त्यात प्रकाशाचा एकच छोटा तुकडा, एकच स्पंद, गोल गोल फिरतोय आणि पडद्यावर त्याचा उंचवटा जसाच्या तसा.

धुळ्याला बी.एस्सी.च्या वर्गात तुम्ही म्हणाला होतात की पुढे असा प्रकाश करता येईल, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, हे परीक्षेला आहे का. दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला पांझरा नदीच्या पाटावर नेलंत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलात, आडवी फळी धरून एकदाच पुढे लोटलीत. पाण्याचा एक गुळगुळीत उंचवटा निघाला, आणि तुम्ही काठाकाठाने त्याच्यामागे धावताय. शेतांना पाळीने पाणी वाटणारे पाटकरी आबा ओरडत येतात, "कोनं पानी कोठे लई चालनात, मास्तर?" तुम्ही धापा टाकत समजावता की कुणाचं पाणी कुठे नेत नाही, नुसती लाट आहे. त्यांना पटत नाही. मग ती लाट त्यांच्यासमोरून, न फुटता, वळणापार जाते आणि आबा हळूच म्हणतात, "परत सोडा बरं."

परतताना तुम्ही मला म्हणालात, "हीसुद्धा पुढे विरतेच गं. प्रकाशाची न विरणारी कुणी केली, तर मला बघायचीय." कॉलेजात तेव्हा एकच लेझर होता, तोही बंद. माझं एम.एस्सी. व्हायच्या आत तुम्ही गेलात.

काचेत स्पंद पसरत जातो, कारण त्यातले रंग कमी-जास्त वेगाने धावतात. पण उजेड पुरेसा तीव्र असला की तो काचेचाच गुण किंचित बदलतो, आणि तो बदल त्याला आवरून धरतो. दोन्ही जुळलं की आकार टिकतो. दर फेरीत काच थोडा उजेड खाते, तेवढा बाहेरून मिळत राहतो. या स्पंदाला कुणी घडवत नाही, सर. नुसत्या गोंधळातल्या एखाद्या लुकलुकीतून तो आपोआप उभा राहतो. ही समीकरणं मी कितीतरी वर्षं शिकवतेय, तरी त्या दिवशी पडद्यासमोर खुर्ची ओढून मी तासभर त्याच्याकडे बघत बसले.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगते. बाहेरचा पुरवठा थांबला की स्पंद क्षणात विझतो, आणि संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करताना तो थांबवावाच लागतो. ते बटण मी दाबत नाही. विद्यार्थिनीला सांगते, तू कर, आणि पाणी प्यायला बाहेर जाते.