शेऱ्याचा रकाना

मलकापूर
दि. २४ एप्रिल २०२६

ती. ताईस गोविंदाचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहून तू आधी हसशील. खिशात फोन असताना हा पोस्टात कशाला गेला, म्हणशील. पण फोन करू कुठून? दिवसभर ट्रकच्या केबिनमध्ये भाऊजी शेजारी, आणि तुझं नाव दिसलं की ते आधी स्पीकर लावतात. तिकडे तुझ्या सासूबाईंचे कान. म्हणून ही जुनी वाट धरली.

काम सुरू झालं. शिकाऊ म्हणून आम्ही दोघं लागलो, मी आणि संघपाल. तीन महिने उस्तादाच्या हाताखाली, मग स्वतःची गाडी. माझे उस्ताद म्हणजे आपले गणेशरावच. यार्डात उस्ताद म्हणायचं, घरी भाऊजी. परवा डिझेल भरताना चुकून भाऊजी अशी हाक मारली तर सगळा पंप हसला. शिकवतात मात्र जीव लावून. भरली गाडी ब्रेक न जाळता घाटात कशी उतरवायची, ते त्यांच्याकडूनच शिकावं.

अडचण एकच आहे. कंपनीने लॉगबुक सक्तीचं केलंय. साडेचार तास चालवलं की अर्धा तास थांबायचं, आणि कोणी किती चालवली, कुठे थांबलो, किती झोपलो, हे लिहायचं. शेवटी शेऱ्याचा रकाना. गाडीचं बुक उस्ताद भरतो, शिकाऊ माणसाचं वेगळं. भाऊजी सकाळी निघायच्या आधीच, चहा पिता पिता, सगळ्या दिवसाचं पान भरून टाकतात. मग दिवस जातो तसा जातो. थांबणं नाही की झोप नाही. कागदाले कुठं झोप लागते बे, तू बी असंच भरत जाय, असं मला म्हणाले.

मला जमलं नाही. संघपालनेही जे झालं तेच लिहिलं. मी शेऱ्यात ‘आज कुठेही थांबलो नाही’ असं लिहिलं, तर ऑफिसने भाऊजींना बोलावून विचारलं. बाहेर आल्यावर चार लोकांत म्हणाले, पाहा, माह्या साळ्यालेच माह्या कामात खोट दिसून राह्यली. माझी मान वर होईना. ताई, मी काय करू, तूच सांग.

धाकट्यावरची माया उणी होऊ देऊ नकोस.

तुझा,
गोविंदा


सोनाळा
दि. २ मे २०२६

चि. गोविंदास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडी नाचल्यासारखं. ऑफिसवाल्यांना तुझं लिहिलेलं वाचता आलं, हेच नवल आहे.

आता रागावते. शाळेत असताना वर्गात कोण बोलत होतं ते मास्तरांना सांगायचास आणि मग आख्ख्या वर्गाचा मार खायचास. ती खोड अजून गेली नाही का रे? यांनी साहेबांपुढे शब्द टाकला म्हणून तुला नोकरी लागली. हे दोन दिवस घरी जेवले नाहीत. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, कामाले लावला भाऊ अन् तोच निघाला चुगलखोर. मी चुलीपुढे नुसती ऐकत बसले.

रकाना भरायचा तर भर ना बाबा. हे सांगतात तसं लिही. कोणाचं काय जातं? थांबलो लिहिलं तर काय आभाळ कोसळतं?

आणि एक लक्षात ठेव. या महिन्यात धोंड्याचा महिना लागतोय. आई यांना वाण द्यायला बोलावणार. बाबा नाहीत, तर जावयाचे पाय तुलाच धुवायचे आहेत. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याचे पाय कोणत्या तोंडाने धुशील?

पुष्पांजली मामा कधी येतो विचारते. तिला रंगीत खडू हवेत. जिवाला जप आणि बहिणीचं घर सांभाळ.

तुझी,
ताई


मलकापूर
दि. ११ मे २०२६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यार्डातल्या पिंपळाखाली वाचलं. संघपालने विचारलं, घरी सगळं बरं ना? हो म्हणून सांगितलं.

तू सांगितलंस तसं एक दिवस भरायला बसलो होतो. पेन टेकवलं आणि उठलो. भाऊजी आठवड्यात तीन फेऱ्या मारतात. त्यांचे डोळे लाल असतात, मिरची खातात, तोंडावर पाणी मारतात. मी थांबू म्हटलं तर म्हणतात, पिवळ्या पाटीचा हा हायवे मले तोंडपाठ हाय. मी खोटं लिहिलं तर त्यांना थांबवणारं कोणीच उरत नाही गं. मी त्यांच्याविरुद्ध लिहीत नाही. मी किती वेळ जागा होतो तेवढंच लिहितो.

भाऊजी आता माझ्याशी गाडीपुरतंच बोलतात. क्लच सोड, लाईट मार, एवढंच. त्यांच्या शेजारी बसून डबा खाताना घास फिरतो. संघपालच्या उस्तादानेही त्याला हेच सांगितलं होतं. तोही ऐकत नाही, पण त्याचा उस्ताद त्याच्या बहिणीचा नवरा नाही.

खडू घेतलेत. माझ्यावर रागव, पण अबोला धरू नकोस.

तुझा,
गोविंदा


सोनाळा
दि. २६ मे २०२६

गोविंदास,

आशीर्वाद लिहिणार होते, हात धजला नाही. रागावलेली बहीण आशीर्वाद देते का ते तूच ठरव.

हे परवा घरी आले, कपाळाला पट्टी. भर दुपारी धुळ्याच्या अलीकडे सरकीच्या ढेपेने भरलेली गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि चहाच्या टपरीवर चढली, एवढं सांगितलं. टपरीवाली म्हातारी पाणी आणायला गेली होती म्हणून वाचली. मी विचारलं, गाडी कोणाच्या हातात होती? हे तांब्या घेऊन परसात गेले. मग ऑफिसचा माणूस कागदावर सही घ्यायला आला. त्याने सांगितलं, गाडीच्या बुकात त्या वेळेला गोविंदाचं नाव लिहिलंय, त्याला घरी बसवलंय.

लोकांना झोपेचे धडे देणारा तू, भर दुपारी पेंगलास? दुसऱ्याच्या पानावर बोट ठेवताना तुला काही वाटलं नव्हतं. आज गावातून जाताना पदर तोंडापर्यंत ओढला मी. तुला लाज वाटत नसेल तर तुझ्यापुरतीही मीच वाटून घेते.

खांद्याला लागलंय असं कळलं. हळद-तेलाने शेक. हे रागातच लिहिते आहे.

अश्विनी


संग्रामपूर
दि. २९ मे २०२६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आईलाही काही सांगितलं नाही. पण तू पदर ओढून चालतेस हे वाचून राहवलं नाही. वाचून झालं की चुलीत टाक.

गाडी माझ्या हातात नव्हती. भाऊजी चालवत होते, सकाळपासून सलग. मी शेजारी बसून होतो. दोनदा म्हटलं, थांबू. तिसऱ्यांदा म्हणायला त्यांच्याकडे पाहिलं तर मान खाली गेलेली. मी स्टिअरिंग ओढलं, तेवढ्यात रस्ता सुटला होता.

पण गाडीच्या बुकात ते पान सकाळीच भरलेलं होतं. जेवणानंतर गोविंदा चालवणार, उस्ताद झोपणार, असं चहा पिताना लिहिलेलं. भाऊजींनी ते मला अडकवायला लिहिलं नव्हतं. ते रोजच तसं लिहितात. ऑफिसने ते पान उघडलं आणि माझं नाव सापडलं. माझं बुक मी दाखवलं, तर साहेब म्हणाले, शिकाऊ माणूस जीव वाचवायला नंतर काहीही लिहील. मी भाऊजींकडे पाहिलं. ते टेबलावरच्या पंख्याकडे पाहत होते.

त्यांनी फक्त एकदा नाही म्हणायचं होतं. एवढंच मला लागलं, खांदा नाही. पण चार लोकांत जावयाला खोटं पाडायचं माझ्याने झालं नाही, म्हणून मीही गप्प बसलो. आता पुन्हा गाडी मिळेल असं वाटत नाही. ज्याने एक गाडी रस्त्याखाली घातली त्याला दुसरी कोण देतो?

ताई, भांडू नकोस. आईने अनारशांचे तांदूळ भिजत घातलेत, सात तारखेचं ठरवलंय. भाऊजींना घेऊन ये. पाय मी धुणार आहे. मला कोणतंही तोंड लपवायचं नाही.

तुझा,
गोविंदा


सोनाळा
दि. ३ जून २०२६

चि. गोविंदास अनेक आशीर्वाद. मागच्या वेळचे राहिलेलेही यात धर.

पत्र चुलीत टाकलं नाही. यांच्या ताटाशेजारी ठेवलं. यांनी वाचलं, पहिला घास तसाच ठेवला आणि उठून गोठ्यात जाऊन बसले. मी मागे गेले. विचारलं, हे खरं हाय काय? बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, त्यानं सायबापुढं माह्यं नाव काऊन नाही घेतलं? एवढंच. तुझ्यावरच राग काढल्यासारखं, पण आवाज रडका.

भावा, मी तुला लिहिलं होतं, कोणाचं काय जातं म्हणून. तुझंच गेलं. तू खोटं लिहावंस असं सांगणारी मीच, आणि खोट्याने तुला धरल्यावर तुलाच बोलणारीही मीच. ते पत्र तुझ्याकडे असेल तर फाड, माझं अक्षर त्यावर नको. तुझ्यापुढे उभं राहायला मला फार जड जाणार आहे.

सात तारखेला पुष्पांजलीला घेऊन मी सकाळीच येते. हे आज पहाटे न बोलता मलकापूरला गेले. वाणाला येतील की नाही, सांगता येत नाही. आईला आत्ता काही कळू देऊ नकोस.

मला मोठी म्हणतोस, तसंच म्हणत राहा.

तुझी,
ताई


सोनाळा
दि. ९ जून २०२६

चि. गोविंदास गणेशचे आशीर्वाद. लिहिले खरे, पण द्यायचा हक्क राहिला की नाही ते तू पाहा.

पत्र लिहायची मला सवय नाही. रकाने भरायची आहे, म्हणून तसंच लिहितो. या वेळी मात्र दिवस होऊन गेल्यावर भरतो आहे.

सात जून, सकाळ. मलकापूरच्या ऑफिसात साहेबांपुढे उभा राहिलो. तीन दिवस यार्डात नुसता फिरत होतो, पायरी चढवत नव्हती. गाडी माझ्या हातात होती, डोळा मला लागला, पान मी सकाळीच भरलं होतं, असं माझ्या हाताने लिहून दिलं. साहेबांनी तुझं बुक, आणि दुसऱ्या गाडीवरही असंच चालतं का ते पाहायला संघपालचं, मागवून पहिल्या दिवसापासून वाचलं. येत्या सोमवारपासून तू हजर व्हायचं आहेस. पोरं शिकवायचं काम माझ्याकडून काढून घेतलं आणि गाडीही. ते बरोबर झालं.

दुपार. संग्रामपूरची एसटी धरली. नवं धोतर पिशवीत होतं.

दुपार ते संध्याकाळ. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली थांबलो. रांगोळी दिसत होती. पाट मांडलेला होता. पुष्पांजली ओट्यावर खडूने रेघा मारत होती. आई आतबाहेर करत होत्या. तू तांब्या घेऊन दोनदा बाहेर आलास आणि रस्ता पाहून आत गेलास. दुसऱ्या वेळी तू खांदा धरलेला होतास. मी एक पाऊल टाकलं होतं. पण तू वाकणार, माझ्या पायावर पाणी घालणार, आणि मला वरून तुझी मान दिसणार, एवढं मनात आलं आणि पाय उचलेना.

शेवटच्या गाडीने परत.

झोप: नाही.

शेरा: दारापर्यंत आलो होतो. लाज वाटली, म्हणून आत आलो नाही.

शेवटी लोभ ठेव असं लिहितात. मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
गणेश